मिरगापासून गणपतीपर्यंत उभ्या गाडीची बॅटरी कशी जपावी

आमची गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर. सीटं काढून आत झोपायच्या फळ्या टाकल्या, छोटा फ्रिज, पाण्याचा पंप, दोन पंखे बसवले. उन्हाळ्यात ती गोकर्णापर्यंत जाते, पण बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात मिरगाचा पाऊस लागला की पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहते ती थेट गणपतीपर्यंत. तीन वर्षांपूर्वी सणाच्या आदल्या आठवड्यात ताडपत्री काढून सेल्फ मारला, तर नुसतं 'टक्'. मेकॅनिकनं बॉनेट उघडून बघितलं आणि म्हणाला, "बॅटरी होय्तु, काका." पुण्याहून आलेल्या पाहुण्याला वाटलं, तो 'होय, तू' म्हणतोय. कन्नडमध्ये 'होय्तु' म्हणजे 'गेली'. मला मात्र कळलं, की सेल्फसाठीची पुढची बॅटरी गेली आणि फ्रिज-पंख्यांसाठीची मागचीही गेली.

लेड-ॲसिड बॅटरी वापराविना पडून राहिल्यामुळं मरत नाही. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्यामुळं मरते. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं, ते दिवस जातील तसं कडक होतं आणि मग चार्जर लावला तरी विरघळत नाही. म्हणजे आपलं काम एवढंच: भरून ठेवायची आणि उतरू द्यायची नाही.

आधी चोर शोधा

गाडी बंद असली तरी वीज खाणारे बरेच असतात: म्युझिक सिस्टीमचं घड्याळ, अलार्म, जीपीएस ट्रॅकर, इन्व्हर्टरचा बारीक लाल दिवा. सगळे मिळून ४० मिलिअँपिअर घेतात असं धरलं, तर दिवसाला जवळजवळ १ अँपिअर-तास झाला. मिरग ते गणपती ९० दिवस. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत उरलं काय?

हे मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. निगेटिव्हची केबल सोडायची, मीटर १० अँपिअरच्या खाचेवर लावायचा आणि त्याची एक वायर केबलला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला धरायची. नवीन गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स झोपायला अर्धा तास घेतात, तेवढं थांबून आकडा बघा. या वेळी सेल्फ मारायचा नाही. आणि मीटर अँपिअरवर असताना दोन्ही वायरी प्लस-मायनसला एकदम लावायच्या नाहीत. ठिणगी उडते आणि मीटरचा फ्यूज जातो. माझा गेला आहे.

भरा, मग सोडवा

गाडी शेडमध्ये घालण्याआधी दोन्ही बॅटऱ्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या. लांबचा प्रवास करून आलो म्हणजे भरलीच असेल, यावर विसंबू नका. शेवटचा वीसेक टक्के भाग भरायला कित्येक तास लागतात आणि तेवढं इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर देत नाही. मागे घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी असेल तर झाकणं उघडून पाणी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला, बाकीचं खुणेपर्यंत चार्ज झाल्यावर. विहिरीचं पाणी किंवा पावसाचं साठवलेलं 'स्वच्छ' पाणी नको.

चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवा. खंडेनवमीला बॉनेटवर उदबत्ती ओवाळा, पण चार्जिंगला लावलेल्या बॅटरीजवळ नको.

मग १० नंबरचा पाना घ्या. आधी निगेटिव्ह सोडा, नंतर लागली तर पॉझिटिव्ह. जोडताना बरोबर उलटं. पाना चुकून बॉडीला लागला तरी निगेटिव्ह आधी सुटलेली असली की शॉर्ट होत नाही. सोडण्यापूर्वी चावी खिशात आहे ना, हे बघा. सेंट्रल लॉक बॅटरीविना उघडत नाही, आणि दाराचं कुलूप चावीनं उघडतं का हे त्याच दिवशी तपासलेलं बरं. मागच्या बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवून घेतला तर दरवर्षी पाना शोधायला नको. तिथं एक गोष्ट मात्र तपासा: काही जण इन्व्हर्टर किंवा सोलर कंट्रोलर थेट बॅटरीवर, स्विचच्या अलीकडं जोडून देतात. मग स्विच बंद करूनही चोर चालूच.

टोकांवर पांढरं-हिरवट साचलं असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशनं घासा, झाकणाच्या भोकांत जाऊ देऊ नका, कोरडं करा आणि व्हॅसलिन लावा. झाकणही पुसा. आपल्याकडच्या ओलीत धूळ आणि ॲसिडचा थर ओला राहतो आणि दोन टोकांमध्ये हळूहळू वीज झिरपते. पटत नसेल तर व्होल्टमीटरची एक वायर निगेटिव्हला, दुसरी नुसती झाकणावर टेकवा. काही व्होल्ट दिसले तर तो मळाचाच आकडा. याउलट, बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते, हे मात्र आताच्या प्लास्टिकच्या डब्याला लागू नाही. तरी माझे वडील खाली फळी घालतातच, आणि मी काही बोलत नाही.

अमावास्येला मीटर

सोडवलेली बॅटरीही आपोआप थोडी उतरते, गरमीत जास्त. महिन्यातून एकदा बघायलाच हवं, आणि तारीख लक्षात राहत नाही. आपल्याकडं अमावास्येला गाडीला लिंबू-मिरची बांधतातच, त्याच वेळी मीटर लावायचा. चार्जिंग होऊन निदान १२ तास झाल्यावरचा आकडा खरा. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर निवांत. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, चार्जर लावा. १२.२ म्हणजे निम्मी, आजच लावा. १२ च्या खाली गेली तर सल्फेटचं काम सुरू झालंय.

रोज वीज असेल तर फ्लोटवर जाणारा स्मार्ट चार्जर कायम लावून ठेवता येतो. तो भरल्यावर १३.५ ते १३.८ व्होल्टवर थांबतो. गॅरेजमधला साधा जाड चार्जर मात्र महिनाभर लावून ठेवू नका, तो पाणी उकळून प्लेटा उघड्या पाडतो. वीज जाऊन आल्यावर चार्जर आपोआप चालू होतो का, हेही एकदा प्लग काढून बघा. काहींना पुन्हा बटण दाबावं लागतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडं वीज किती वेळा जाते हे सांगायला नको.

सोलरचं उत्तर गावागणिक बदलतं. कमी पावसाच्या सौंदत्ती, अथणीकडं गाडी उघड्यावर असेल तर कंट्रोलर लावलेलं २० वॅटचं पॅनेलही पावसाळाभर बॅटरी सांभाळेल. कणकुंबीत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि शेडखालचं छतावरचं पॅनेल म्हणजे शोभा.

राहिला सगळ्यांचा आवडता उपाय: आठवड्याला दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवायची. माझं मत विरोधात आहे. सेल्फनं घेतलेलं तेवढं परत मिळतं, महिनाभरात झिरपलेलं मिळत नाही. इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळं ऑइलात आणि सायलेन्सरात पाणी साठतं. चालवायचीच असेल तर बेळगाव गाठून परत या.

मागची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर हे सगळं उलटं. ती पूर्ण भरून ठेवायची नाही. ५० ते ६० टक्क्यांवर कट-ऑफ बंद करायचा, फ्लोटवर ठेवायची नाही, दोन-तीन महिन्यांनी एकदा बघायचं. मीटरवर अचानक शून्याजवळ आकडा आला तर घाबरू नका. आतल्या संरक्षण सर्किटनं स्वतःला तोडून घेतलेलं असतं, आणि लिथियमसाठीचा चार्जर बहुधा ते जागं करतो.

ताडपत्री काढल्यावर

निघायच्या चार दिवस आधी काढा, आदल्या रात्री नव्हे. आधी टॉर्च घेऊन वायरी बघा. शेडमध्ये भाताची पोती असतील तर उंदीर नक्की आलेले असतात. मग बॅटरी भरून जोडा, दुसऱ्या दिवशी मीटर टोकांना लावून घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली कोसळला, तर भरलेली असूनही बॅटरी म्हातारी झाली आहे. ती त्याच आठवड्यात बदला. चोर्ला घाटात रात्री पावसात धक्का मारायला माणसं मिळत नाहीत.