कवळी मधोमध तडकू नये म्हणून
वरची कवळी तुटते ती बहुतेकदा मधोमध. हिरडीखालचं हाड झिजत जातं, मग कवळी टाळूच्या मध्यावर टेकून डुगडुगते आणि प्रत्येक घासाला ॲक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, किंचित वाकतं. रोजच्या या वाकण्यानेच चीर पडते. म्हणून सैल वाटली की नुसती चिकटवायची पावडर लावून दिवस ढकलू नका, रिलाइनिंग करून घ्या, म्हणजे दंतवैद्याकडून कवळीला आतून नवा थर देऊन ती हिरडीवर नीट बसवून घ्या. पुढच्या दोन दातांमागे अधूनमधून नख फिरवा. केसाएवढी चीर लागली तर त्याच आठवड्यात दंतवैद्य गाठा. घरचा गोंद अजिबात नको, तुकडे पुन्हा नीट जुळत नाहीत. नवी करताना हाय-इम्पॅक्ट (सहजी न तुटणारं) ॲक्रिलिक किंवा आत धातूची जाळी घालता येईल का, हे जरूर विचारा. धुताना बेसिनमध्ये पाणी भरलेलं असू द्या, हातातून सुटली तरी वाचते.