केजन-झायडेको टेप डिजिटल करताना: आधी वेग, मग पट्टी

केजन आणि झायडेको हे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या फ्रेंच भाषक लोकांचं संगीत: केजन गोऱ्यांचं, झायडेको कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचं. लोकसंगीत गोळा करणारे जॉन आणि ॲलन लोमॅक्स यांनी 1934 साली नैर्ऋत्य लुइझियानात डिस्कवर केलेलं ध्वनिमुद्रण लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सांभाळलेलं आहे. घरगुती नाचगाण्यांच्या किंवा रेडिओवरून उतरवलेल्या पाव इंची स्पूल टेपांचं तसं नाही. दमट हवा, पूर आणि बंद माळे यांतून त्या बाहेर येतात. त्यामुळे टेप मशीनवर चढवण्याआधी ती कशाची आहे ते बघा.

स्पूल उजेडासमोर धरा. कडेने प्रकाश आरपार दिसला तर टेप ॲसिटेटची, न दिसला तर बहुधा पॉलिस्टरची. ॲसिटेटला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती कुजू लागली आहे. बाकीच्या टेपांपासून लगेच वेगळी ठेवा. 1970-80 च्या दशकांतल्या, पाठीवर काळा लेप असलेल्या पॉलिस्टर टेपा वेगळा त्रास देतात. त्यांचा चिकटद्रव ओलावा शोषतो, मग टेप किंचाळते आणि हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, तपकिरी चिखल बसतो. असं झालं की तिथेच थांबा. अशी टेप साधारण 54 अंश सेल्सिअसला 8 तास शेकली की काही आठवडे नीट वाजते. फळं वाळवायचं यंत्र चालतं. स्वयंपाकाची भट्टी नको, तिचं तापमान वरखाली होतं. ॲसिटेट मात्र कधीही शेकू नये.

अ‍ॅझिमथसाठी (हेडचा टेपशी असलेला कोन जुळवण्यासाठी) वेगळी चाचणी टेप नसली तरी अडत नाही. केजन बँडमधली लोखंडी त्रिकोणाची किणकिण किंवा झायडेकोतल्या फ्रोत्वारची (छातीवर अडकवून घासायच्या खाचांच्या पत्र्याची) खरखर ऐका. आवाज मोनो करून हेडचा स्क्रू अगदी थोडा फिरवा आणि ती किणकिण सगळ्यांत लख्ख ऐकू येईल तिथे सोडा. दर टेपला हे नव्याने करावं लागतं. पातळी लावतानाही त्रिकोणावरच लक्ष ठेवा. त्याचे टोकदार ठोके मीटरवर पटकन दिसत नाहीत. शिखर -6 डेसिबलच्या खाली राहू द्या. 96 किलोहर्ट्झ, 24 बिटची वेव्ह फाइल करा, आवाजाची सफाई न करता.

आता वेग. घरगुती मशीन क्वचितच अचूक चालायचं. दीड-दोन टक्के फरक कानाला कळत नाही, सुमारे 6 टक्के म्हणजे मात्र अख्खा अर्धस्वर. केजन अ‍ॅकॉर्डियन दहा बटणांचं, एका पट्टीचं असतं. बहुतेक वेळा ते पांढरी एकचं, कधी पांढरी दोनचं. पांढरी एकच्या वाद्यावर गाणी पांढरी एक किंवा पांढरी पाचमध्ये वाजतात. टेप काळी एककडे सरकलेली वाटली तर वेगावर संशय घ्या. पट्टी मोजताना सा आणि पंचम धरा, गंधार नको. बऱ्याच वाद्यांत तो मुद्दाम उतरवलेला असतो. फिडलवालेही या अ‍ॅकॉर्डियनसाठी तारा एक स्वर खाली लावतात, म्हणून फिडल उतरलेलं वाटलं तरी घाई नको.

झायडेको वादक क्लिफ्टन शेनिएरसारखा पियानो अ‍ॅकॉर्डियन असेल तर हा मार्ग बंद, कारण तो कुठल्याही पट्टीत वाजतो. तेव्हा टेपवर उतरलेली विजेची गुणगुण शोधा. अमेरिकेत ती 60 हर्ट्झची, टेपवर 58.2 दिसली तर टेप 3 टक्के हळू वाजते आहे. टेप थांबवल्यावरही गुणगुण राहिली तर ती तुमच्याच तारांची. भारतात टेप वाजवली तर हा घोळ होत नाही, इथली 50 हर्ट्झची असते. बॅटरीवरच्या रेकॉर्डरच्या टेपांत बहुधा काही सापडणार नाही. वेग सुधारलेली प्रत वेगळी ठेवा. मूळ फाइल तशीच राहू द्या.

गाण्यांमधलं बोलणं कापू नका. वादकाचं नाव, गाव, तारीख बहुतेक तिथेच सापडते. नोंदीत नावाची सगळी स्पेलिंगं टाका: ‘झायडेको’च कितीतरी प्रकारे लिहिलेलं आढळतं, आणि जुन्या नोंदींत तेच संगीत ‘ला-ला’ म्हणून असतं. लाफायेतच्या युनिव्हर्सिटी ऑफ लुइझियानातल्या केजन आणि क्रिओल लोकसंस्कृती संग्रहाकडे द्यायची असेल तर टेपा पाठवण्याआधी यादी पाठवा, आणि मूळ डबा, त्यावरचं पेन्सिलीतलं लिखाण यांचे फोटो जोडा.