जॅमर लावला की विषय संपत नाही: लेक्चरेटमध्ये या चुका टाळा

नागपूरच्या धरमपेठेत एसएसबीच्या, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मुलाखतीच्या, तयारीला येणाऱ्या मुलांना लेक्चरेटसाठी, म्हणजे त्यातल्या छोट्या भाषणासाठी, ‘अचूक शस्त्रं आणि त्यांवरचे उतारे’ हा विषय दिला की दुसऱ्याच मिनिटाला एक वाक्य हमखास येतं: “सर, जॅमर लावला का गेलं न मग मिसाईल!”

जात नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर असतात, त्यामुळे जमिनीवर त्यांचा सिग्नल फारच क्षीण पोहोचतो आणि तो दाबणं सोपं, इथवर बरोबर. पण बॉम्बमध्ये जडत्वीय दिशादर्शनही असतं, म्हणजे स्वतःची हालचाल आतल्या आत मोजून जागा काढणारी यंत्रणा. ते बाहेरचं काही ऐकत नाही, मात्र त्याची चूक सेकंदासेकंदाला साचत जाते. अमेरिकेच्या जीपीएसवर चालणाऱ्या जेडॅम बॉम्बचा जाहीर आकडाच बघा: जीपीएस असताना चूक ५ मीटर, उड्डाणात ते गेलं तर ३० मीटर. मोकळ्या मैदानातल्या तळाला ३० मीटरनं फार फरक पडणार नाही, एका बंकरला पडेल. म्हणून आपल्या नागपूरच्या ‘नागास्त्र-१’ या लक्ष्यावर आदळणाऱ्या ड्रोनची २ मीटर अचूकता अभिमानानं सांगा, पण जीपीएस मिळत असतानाची म्हणून सांगा.

जॅमिंग आणि स्पूफिंग एकच समजू नका. पहिल्यात सिग्नल बुडतो, दुसऱ्यात खोटा सिग्नल खरा वाटतो. यंत्राला फसल्याचा पत्ता नसतो, म्हणून दुसरं जास्त वाईट.

फ्लेअरनं, म्हणजे विमानानं सोडलेल्या जळत्या गोळ्यांनी, लेसर बॉम्ब (लक्ष्यावर पाडलेल्या लेसरच्या ठिपक्याकडे जाणारा) चकवणारेही दरवर्षी भेटतात. फ्लेअर उष्णतेमागे धावणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी. लेसरचा वैरी धूर. वर्गात मी धूपदाणी पेटवून पॉइंटर मारतो: धुरात लाल रेघ उजळते, भिंतीवरचा ठिपका मात्र फिका पडतो. बॉम्बला हवा असतो तो ठिपका. १९९१ मध्ये कुवेतच्या जळत्या तेलविहिरींच्या धुरानं हेच केलं, १९९९ मध्ये नाटोच्या हल्ल्यांवेळी कोसोवोवरच्या ढगांनी.

त्याच कोसोवोत सर्बियन सैन्यानं लाकडी-प्लास्टिकचे नकली रणगाडे मांडले होते. त्यांवर बॉम्ब नेमका पडला, तर त्याला ‘नेम चुकला’ कसं म्हणणार? पण मुलं तसंच सांगतात.

आणि जॅमर स्वतः ओरडत असतो, म्हणजे सिग्नल सोडून आपलाच पत्ता देत असतो, हे तर कुणीच सांगत नाही. मार्च २००३ मध्ये इराकनं जीपीएस जॅमर लावले, अमेरिकेनं ते हुडकून फोडले. त्यातला एक तर जीपीएसवर चालणाऱ्या बॉम्बनंच.