चौघींची एक रांग: मुलींचा संघ टीम टाइम ट्रायलसाठी कसा तयार करावा

शाळेला रोज आठ-दहा किलोमीटर सायकलवर जाणाऱ्या मुली आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यातल्या दमदार चौघी निवडल्या की संघ झाला, असं समजणारे पहिल्याच स्पर्धेत मार खातात. टीम टाइम ट्रायल म्हणजे अख्ख्या संघाने एकत्र सायकल चालवत ठरलेलं अंतर कमीत कमी वेळात कापायची शर्यत. ती एकामागोमाग एक चालणाऱ्या रांगेवर जिंकतात, आणि रांग शिकवावी लागते.

सायकल

वाढत्या अंगाचे कपडे घेतात तशी वाढत्या अंगाची सायकल घेऊ नका. फ्रेम मोठी असली की हात ताणले जातात, खांदे आखडतात आणि बोटं ब्रेकपर्यंत नीट पोचत नाहीत. ब्रेकच्या बहुतेक लिव्हरला आत एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवून लिव्हर हँडलच्या जवळ आणा आणि केबलचा ताण पुन्हा बघा. दोन बोटांनी ब्रेक दाबता आला पाहिजे, नाहीतर त्या मुलीला रांगेत घेऊ नका.

२५ मिमीच्या टायरमध्ये १२० पीएसआय हवा भरायचा सल्ला सोडून द्या. ४५-५५ किलोच्या मुलीला ७०-८० पुरते. त्याहून जास्त भरली तर आपल्या रस्त्यांवर चाक नुसतं उडतं.

सायकलिंगच्या पॅडेड शॉर्टखाली आतले कपडे घालायचे नाहीत. शिवण घासून फोड येतात. हे ताईने किंवा आईने मुलींना सरळ सांगावं. लाजेपोटी राहून जातं आणि मुलगी आठवड्याभरात यायची बंद होते.

रस्ता

पहाटेची वेळ, सरळ आणि कमी वर्दळीचा पट्टा, मागे दिवा लावलेली एक दुचाकी. गळीत हंगामात साखर कारखान्याचा रस्ता टाळा; ट्रॉलीतून पडलेल्या उसावरून चाक घसरतं.

रांग

खरं काम इथे आहे. ताशी ३० किलोमीटरच्या पुढे बहुतेक जोर हवा कापण्यातच जातो. पुढचीच्या आडोशाला चालवणारीचा पाव हिस्सा तरी जोर वाचतो, पण जवळ राहिली तरच. सुरुवात एका सायकलइतक्या अंतराने करा. ते हळूहळू कमी करत अर्ध्या मीटरवर आणा. याला तीन-चार आठवडे लागतात, घाई नको.

नजर पुढच्या टायरवर ठेवायची नाही. टायरकडे बघणारी मुलगी प्रत्येक हेलकाव्याला ब्रेक दाबते आणि तिच्या मागच्या दोघी एकमेकींवर येतात. पुढचीच्या कमरेकडे बघायचं, तिच्या खांद्यावरून पुढचा रस्ता दिसत राहतो. फार जवळ आलात तर पाय हलका सोडा, छाती थोडी वर करून वारा अंगावर घ्या. एवढ्याने वेग उतरतो, ब्रेकला हात लावावा लागत नाही.

चाकाला चाक समांतर होऊ द्यायचं नाही. तुमचं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाच्या बाजूला गेलं आणि ती जराशी सरकली, तर पडता तुम्ही. तिला बऱ्याचदा कळतही नाही.

आता टर्न, म्हणजे रांगेत पुढे राहायची पाळी, बदलणं. इथेच बहुतेक संघ तुटतात. नवी पुढे आली की तिला हुरूप येतो आणि ती जोर लावते. मागे जाणारी आधीच दमलेली असते. ती शेवटच्या चाकाला लागायच्या आत रांग पाच-सहा मीटर पुढे गेलेली असते. म्हणून नियम असा: नवीने वेग वाढवायचा नाही, जुनीने कमी करायचा. नवीची नजर सायकल कॉम्प्युटरवर हवी, ३२ असेल तर ३२.

जुनीने मागे बघून कोपर हलवायचं, बाजूला सरकायचं आणि मगच पाय हलका करायचा. रस्ता वाहतुकीला चालू असेल तर डावीकडे, कडेला सरका. यासाठी रांग मुळातच कडेपासून मीटरभर आत हवी. वाहतूक बंद असेल तर ज्या बाजूने वारा येतो तिकडे सरका. शेवटच्या मुलीचं पुढचं चाक तुमच्या कमरेशी आलं की लगेच पेडलला जोर द्या. ती पूर्ण पुढे जाईपर्यंत थांबलात तर चाक सुटलंच. ती जाताना “शेवटची!” असं ओरडेल, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

बाकी हाका तीनच: “खड्डा”, “ब्रेकर”, “गॅप”. “गॅप” ऐकलं की पुढचीने ताशी दोन किलोमीटरने वेग उतरवायचा, वाद नंतर. मागे पडलेली मुलगी संकोचाने गप्प राहते. तिला ओरडायला शिकवणं हे प्रशिक्षकाचं काम आहे.

क्रम आणि टर्न

सगळ्यात छोटी मुलगी सगळ्यात उंच मुलीच्या मागे. टर्न सेकंदांनी मोजू नका, एका पायाच्या फेऱ्या मोजा. मिनिटाला ९० फेऱ्यांच्या लयीत ३० फेऱ्या म्हणजे २० सेकंद. दमदार मुलीने ६० घ्याव्यात, कमी दमाच्या मुलीने १५ घेऊन सरकावं. जास्त ताकद असेल तर टर्न लांबवा. वेग वाढवलात तर स्वतःच्याच मैत्रिणी गळतात.

स्पर्धेच्या दिवशी

संघाची वेळ तिसरी पोचणारीची धरणार की चौथीची, हे पत्रकात आधी वाचा. पहिला किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षा किंचित कमीच ठेवा. तिसरीची धरणार असतील तर कोण आधी संपणार हे आदल्या दिवशी चौघींत ठरवा. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये तिने एक लांब टर्न घ्यावा, बाजूला व्हावं आणि बाकी तिघींनी मागे वळून बघू नये.