भाटात तवा नेताना

भाटात, म्हणजे माडा-काजूच्या बागेत, चुलीवर मासे भाजायला तवा न्यायचा तर तव्याच्या आधी जागा ठरवा. समुद्रकिनाऱ्यावर चूल मांडायचा बेत असेल तर तो सोडा. गोव्यात पर्यटन स्थळांवर उघड्यावर रांधायला २०१९ पासून बंदी आहे, सापडलात तर दंड भरावा लागतो. अभयारण्यात विस्तवाचं नावच नको. आपलं किंवा ओळखीच्यांचं भाट, तेही त्यांना विचारून, हे उत्तम. डिसेंबर-जानेवारी बरा. मार्चपासून काजूखालचा पाला कुरकुरीत सुकलेला असतो. २०२३च्या मार्चमध्ये गोव्यातल्या म्हादई अभयारण्याचं रान पेटलं होतं, ते आठवून बघा.

तवा बिडाचाच घ्या. नॉनस्टिकचा लेप साधारण २६० अंशांच्या वर बिघडू लागतो आणि निखाऱ्यांवर तेवढी धग कधी झाली ते कळतही नाही. ॲल्युमिनियमचा उचलायला हलका, पण गार मासे पडले की लगेच निवतो. बीड उशिरा तापतं, पण तापलं की धग सोडत नाही. बूड सपाट हवं, दोन बाजूंना कान हवेत आणि थोडा काठ हवाच, नाहीतर तेल निखाऱ्यांत ओघळून भडका उडतो. लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ नको.

नवा तवा घरीच तयार करून न्या. धुवा, कोरडा करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईस्तोवर तापवा. निवला की पुन्हा, असं तीन-चारदा. सुरुवातीला त्यावर वांग्याची नाहीतर निरफणसाची कापं करावीत. रेशाद (गोव्याचा तांबडा आंबट-तिखट मसाला) भरलेला बांगडा मात्र थांबवा, मसाल्यातलं व्हिनेगर तेलाचा कोवळा थर खरवडून काढतं.

पिशवीत पातळ पात्याचं उलथणं, जाड सुती फडकं, तव्यावर बसेल असं झाकण आणि तेल लावायला काट्याला खोचलेला अर्धा कांदा. तेल पेटलंच तर झाकण घाला, पाणी मुळीच नको. तरी चुलीशेजारी भरलेली बादली असू द्या, ती पाल्यासाठी.

चुलीला सुके चिरे लावा. ओहोळातले गुळगुळीत गोटे दिसायला छान, पण आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. पेटवायला सोडणं (नारळाची सुकी सालं), निखाऱ्यांना करवंट्या. काजूबियांची टरफलं फुकट मिळाली तरी घालू नका, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. तवा ठेवल्यावर चमचाभर तेल सोडून बघा. एका बाजूला धावलं तर चिऱ्याखाली खापर सरकवा.

ज्वाळा बसेपर्यंत धीर धरा (भुकेली मंडळी धरू देत नाहीत, ते वेगळं). निखारे एका बाजूला दाट, दुसरीकडे विरळ पसरा. बिडात धग सगळीकडे सारखी पसरत नाही, तेच इथे कामाला येतं: दाट बाजूला बांगडा, विरळ बाजूला पोई (गोव्याचा पाव) ऊन करायला. बांगडा पुसून कोरडा करा, मगच मसाला आणि रवा. पाण्याचा थेंब तव्यावर नाचला की मासा सोडा आणि हात आवरा. कडेचा रवा तांबूस झाला की तो आपणच तवा सोडतो. त्याआधी उलथणं घातलं तर साल तव्याला, काटा हातात.

तापल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, बीड तडकतं. कोमट झाल्यावर ऊन पाण्याने घासा, उरल्या निखाऱ्यांवर कोरडा करा आणि लगेच तेल लावा. इथल्या खाऱ्या हवेत रात्रीतून गंज चढतो. मग बादली राखेवर रिकामी करा, काठीने ढवळा, परत पाणी घाला. राखेवर धरलेल्या हाताला ऊब लागत नाही तोवर भाटातून निघू नका.