फाइट सीनमध्ये स्लो-मो (स्लो मोशन) टाकताय? आधी या चुका टाळा

लालबागला आमच्या चाळीत एक शॉर्टफिल्म केली, दोन भावांची, आणि त्यात मोठा भाऊ धाकट्याच्या कानाखाली वाजवतो तो शॉट मी मोठ्या हौसेनं सेकंदाला १२० फ्रेम्सवर, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं टिपत, घेतला. एडिटला बसलो तर त्या थपडीतला रागच गायब. सेकंदाला २४ फ्रेम्स दाखवणाऱ्या टाइमलाइनवर १२० म्हणजे पाचपट हळू, हात नुसता तरंगत येतोय, मारतोय की गाल कुरवाळतोय तेच कळेना.

सगळ्यात मोठी चूक हीच, इफेक्ट भारी दिसतो म्हणून टाकायचा. स्लो-मो काय, स्पीड रॅम्प (एकाच शॉटमध्ये वेग कमी-जास्त करणं) काय, हलता कॅमेरा काय, हे सगळं शेवटी एवढंच सांगत असतं की हा क्षण कोणाला कसा जाणवतोय. म्हणून आधी ठरवा, वेळ कोणासाठी थांबलीय? मारणाऱ्यासाठी, मार खाणाऱ्यासाठी की बघणाऱ्यासाठी? जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या १९५४ च्या 'सेव्हन सामुराई'मध्ये पोराला धरून झोपडीत लपलेल्या चोराला सामुराई आत जाऊन मारतो, ती झटापट आपल्याला दिसतच नाही, चोर बाहेर येतो आणि स्लो मोशनमध्ये कोसळतो, आणि मधे मधे बघणारी माणसं मात्र नॉर्मल स्पीडला. मारणं लपवलं, मरण तेवढं लांबवलं. मला तर अजूनही तो सीन बघताना पोटात खड्डा पडतो.

मग आम्ही रीशूट केलं. थप्पड नॉर्मल स्पीडला, फाडकन. स्लो फक्त त्याच्यानंतर, धाकट्याचा चेहरा आणि त्याच्या हातातून सुटलेलं फुलपात्र, लादीवर गोल गोल फिरत राहिलेलं. शेजारच्या काकूंना दाखवलं तर त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

दुसरी गोष्ट, गॅलरीतली ट्यूबलाइट. याने आमचा पहिल्या दिवसाचा सगळा स्लो-मो वाया गेला होता. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबा आणि बरेच स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला दिसत नाही पण १२० वर घेतलं की फ्रेम धडधडायला लागते, आणि प्रेक्षक त्यातही अर्थ शोधतो, त्याला वाटतं आता काहीतरी भुताटकी होणार! दिवसाच्या उजेडात घ्या, नाहीतर १०० फ्रेम्स आणि शटर १/१०० (म्हणजे प्रत्येक फ्रेमवर सेकंदाचा शंभरावा भाग उजेड पडतो) ठेवा. साधा शॉट असेल तर २५ फ्रेम्सला १/५०.

गोळी चुकवताना कॅमेरा हिरोभोवती फिरतो, तो इफेक्ट कॉपी करणाऱ्यांना तर हात जोडून सांगावंसं वाटतं. 'द मेट्रिक्स'ने (१९९९) त्यासाठी शंभराहून जास्त स्टिल कॅमेरे ओळीत लावले होते, पण तो शोभला कारण त्या गोष्टीत अख्खं जगच कॉम्प्युटर प्रोग्राम आहे आणि हिरोला त्याचे नियम वाकवता यायला लागलेत. तुमचा हिरो परळच्या नाक्यावरचा साधा पोरगा असेल तर त्याने वेळ कशाच्या जोरावर थांबवायची?

घाबरलेल्या माणसाच्या नजरेतून मारामारी दाखवायची असेल तर एडिटमध्ये शेक (फ्रेम हलवणारा इफेक्ट) टाकू नका, अख्खी फ्रेम सरकते पण हालचालीचा ब्लर तसाच राहतो, खोटं लगेच कळतं. कॅमेरा हातात घ्या आणि शटरचा वेग वाढवा, म्हणजे ते कमी वेळ उघडं राहील, २४-२५ फ्रेम्सला १/२०० च्या आसपास. मग प्रत्येक फ्रेम कोरडी, टोकदार येते, उडालेला मातीचा कण न् कण वेगळा दिसतो. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मध्ये (१९९८) किनाऱ्यावरच्या लढाईला शटर असंच कमी उघडं ठेवलं होतं. उजेड मात्र भरपूर लागतो हे लक्षात ठेवा, संध्याकाळी सातला गल्लीत हे जमणार नाही.

रंगाचं थोडक्यात, आख्खी फाइट लाल-निळी करू नका, ज्या क्षणी काहीतरी बदलतं तिथेच रंग बदला.

आणि आवाज. स्लो-मो आला की 'धूम्म' असा जड आवाज टाकायची सवय मलाही होती. या वेळी थपडीनंतर सगळा आवाज काढून टाकला, खालचा ट्रॅफिक, शेजारचा टीव्ही, सगळं बंद, फक्त फुलपात्राची खणखण ठेवली आणि ते थांबलं की भावाचा श्वास.