जुन्या पिकअपचा सेल्फ उचलत नाही? पार्ट बदलण्याआधी व्होल्ट मोजा

सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरला नाही की पहिला संशय बॅटरीवर जातो, दुसरा सेल्फवर, आणि दोन्ही महागाचे पार्ट. पण वय झालेल्या गाडीत दोष बहुतेक वेळा जोडांमध्ये सापडतो. टर्मिनलवर पांढरट-हिरवी पावडर चढलेली असते, केबलच्या लगमध्ये (टोकाच्या धातूच्या कडीत) तार काळी पडलेली असते, नाहीतर इंजिन आणि चासीमधली अर्थची पट्टी तुटत आलेली असते. हे दोष डोळ्यांना दिसतीलच असं नाही. करंट वाहत असताना व्होल्ट मोजले तर मात्र ते लपत नाहीत. त्यासाठी डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, वायर ब्रश आणि किल्ली फिरवायला एक माणूस एवढं पुरे.

गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड किंवा लाकूड सरकवा. हातातली अंगठी, कडं, घड्याळ उतरवा. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. निगेटिव्ह सुटलेला असला की पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही.

आधी कान आणि हेडलाइट

हेडलाइट लावा आणि किल्ली स्टार्टला धरा. लाइट एकदम विझून सगळं शांत झालं, तर एखादा जोड सैल किंवा सडलेला आहे. लाइट खूप मंद झाला आणि इंजिन रडतरखडत फिरलं, तर बॅटरी उतरली आहे किंवा सेल्फ आतून जाम होतोय. लाइट जसाच्या तसा प्रखर राहिला आणि आवाजच आला नाही, तर सोलेनॉइडपर्यंत (सेल्फला मोठा करंट जोडून देणाऱ्या विजेच्या स्विचपर्यंत) हुकूमच पोचत नाही. इग्निशन स्विच, रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच), क्लचचा किंवा न्यूट्रलचा स्विच तपासा. लाइट प्रखर आणि एकच ‘टक’, तर सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळालेत किंवा सेल्फचे कार्बन ब्रश झिजलेत.

‘कट-कट-कट’ असा सलग आवाज जवळजवळ नेहमी कमी व्होल्टेजचा. सोलेनॉइड ओढला जातो, सेल्फ मोठा करंट मागतो, व्होल्ट कोसळतात, कॉइलची पकड सुटते, व्होल्ट परत वर येतात, आणि पुन्हा तेच. सेल्फ नुसताच घरघर फिरतोय आणि इंजिन हलत नाही, तर दोष विजेचा नाही, बेंडिक्स (सेल्फचा गिअर इंजिनला अडकवणारा भाग) किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते पाहा.

बॅटरी

गाडी काही तास उभी राहिल्यावर मोजा. नुकतीच चार्ज झाली असेल तर २ मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, नाहीतर खोटा जास्त आकडा दिसतो. १२.६ म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, बाकीची तपासणी नंतर. उतरलेल्या बॅटरीवर घेतलेली पुढची सगळी मोजमापं फसवी निघतात.

आता सेल्फ मारताना मोजा. इंजिन चालू होऊ नये म्हणून पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलची पुरवठा वायर काढा, डिझेलमध्ये पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (इंजिनचं डिझेल रोखणाऱ्या भागाची). चांगली बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात नाही. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये २ मिनिटं थांबा, सेल्फचं वाइंडिंग फार लवकर तापतं.

केबल आणि अर्थ: खरी चोरी इथेच

सेल्फ सहज २०० अँपिअर ओढतो, डिझेल त्याहून जास्त. वाटेत फक्त ०.०१ ओहमचा अडथळा आला तरी २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. साध्या मीटरच्या ओहम रेंजवर हा अडथळा दिसणारच नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्यापेक्षा जास्त असतो. शिवाय केबलमध्ये एकच तार शाबूत असली तरी लोड नसताना मीटर १२ व्होल्ट दाखवतो. म्हणून ही चाचणी सेल्फ फिरत असतानाच घ्यायची.

लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबाच्या मधोमध टेकवा, क्लॅम्पवर नको. काळा प्रोब सोलेनॉइडच्या त्या जाड बोल्टवर, जिथे बॅटरीची केबल येते. सेल्फ मारा. ०.५ व्होल्टच्या आत हवं. मग अर्थ: काळा प्रोब निगेटिव्ह खांबावर, लाल सेल्फच्या घासून उघड्या केलेल्या धातूवर. इथे ०.२ च्या आसपास ठीक. आकडा जास्त आला तर एकेक टप्पा मोजत जा: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते लग, लग ते बोल्ट. जिथे आकडा उडी मारतो, तिथेच दोष. तो जोड उघडा, दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट करा, वरून ग्रीस लावा आणि पुन्हा मोजा. क्लॅम्प ते लग या टप्प्यात व्होल्ट जात असतील, तर केबलच बदला.

इंजिनच्या अर्थ पट्टीची एक खूण लक्षात ठेवा. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल गरम लागली, तर पट्टी गेली आहे आणि करंट त्या बारीक केबलमधून परततोय. जंपर केबलचं एक टोक निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा. सेल्फ लगेच जोमात फिरला तर निदान पक्कं.

सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर, किल्ली स्टार्टला असताना, बॅटरीच्या त्या क्षणीच्या व्होल्टेजपेक्षा १ व्होल्टहून जास्त घट नको. जुन्या गाड्यांत सोलेनॉइडचा सगळा करंट इग्निशन स्विचमधून जातो आणि त्याचे कॉन्टॅक्ट जळत राहतात. नवा स्विच टाकण्यापेक्षा मध्ये ४० अँपिअरचा रिले बसवणं जास्त टिकाऊ.

किल्ली सोडताच इंजिन बंद पडणं हा वेगळा आजार. प्लॅटिनम पॉइंटच्या (कॉइलचा करंट तोडणाऱ्या कॉन्टॅक्टच्या) पेट्रोल गाडीत बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी करणारा रोध) पाहा. सेल्फ मारताना कॉइलला त्याला वळसा घालून पुरवठा मिळतो, नंतर त्याच्यातून.

चार्जिंग आणि रात्रीत उतरणारी बॅटरी

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.७ व्होल्ट हवेत. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) बिघडला आहे. चालू इंजिनवर टर्मिनल काढून अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) ‘तपासण्याची’ जुनी सवय सोडा. त्या क्षणी उसळणाऱ्या व्होल्टेजने अल्टरनेटरमधले डायोड जळतात. चार्जिंगचा दिवा किल्ली ऑन केल्यावर लागतच नसेल तर आधी तो बल्ब बदला. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो.

उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर निगेटिव्ह केबल काढून खांब आणि केबलच्या मध्ये मीटर जोडा, लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये. सगळं बंद, दार मिटलेलं, किल्ली बाहेर. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. ५०० मिलिअँपिअरची गळती ६० अँपिअर-तासांची बॅटरी अडीच दिवसांत निम्मी करते. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर अल्टरनेटरची जाड वायर सोडा. गळका डायोड असेल तर आकडा लगेच पडेल. मीटर मध्ये असताना किल्ली चुकूनही फिरवू नका, त्याचा फ्यूज उडेल. काम झालं की लाल प्रोब परत व्होल्टच्या सॉकेटमध्ये घाला. अँपिअरच्या सॉकेटमध्ये राहिलेला मीटर पुढच्या वेळी बॅटरीच्या दोन खांबांवर टेकवला, तर तो थेट शॉर्ट असतो.